खालच्या आळीची मोजणी

टपालताई नोकरीत होती तोवर तिच्याबद्दल गावात कुणी फारसं बोललं नाही. एकतीस वर्षं तिने नदीकाठच्या त्या गावात टपाल वाटलं. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि पोस्टाच्या हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांची ती टपालताई. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही तिला ताई म्हणायची, आणि तिचा नवरासुद्धा चारचौघांत कधीकधी चुकून तीच हाक मारायचा आणि जीभ चावायचा. नवरा सायकली दुरुस्त करायचा. बोलायचं काम घरात त्याच्याकडे होतं. ती अंगाने किरकोळ, चालीने झपझप, बोलण्यात तुटक. कुणी चहाचा आग्रह केला तर मान हलवून ती पुढच्या दाराशी पोचलेली असायची.

गाव दोन भागांत होतं. वरची आळी टेकाडावर. तिथे शाळा, दवाखाना आणि पोस्ट. खालची आळी नदीला लागून, एका वाकड्या ओळीत त्रेचाळीस घरं, लाकडाची आणि मातीची, वर पत्रे. टपालताईचं घर या ओळीत अगदी शेवटचं. तिच्या धाकट्या भावाचं घर मधोमध. तो होड्या बांधायचा. नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्या हातच्या होड्या चालायच्या, आणि तो स्वतःही ते कुणाला विसरू द्यायचा नाही. आई त्याच्याकडे राहायची.

टपालताई निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षी, पावसाळा सरता सरता वादळ आलं. सकाळी दवंडी झाली, दुपारपर्यंत माणसं शाळेत जाऊन बसली. वारा दीड दिवस थांबला नाही. नदी समोरून येईल असं सगळ्यांना वाटत होतं. ती वरच्या अंगाने बांध फोडून ओळीच्या मागून आली. तीन माणसं गेली. एक म्हातारं जोडपं घर सोडायला तयार नव्हतं, आणि दूधवाला गायी सोडायला म्हणून परत खाली गेला तो आलाच नाही. गायी दोन दिवसांनी आपल्या आपण वर चढून आल्या.

पाचव्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा खालच्या आळीत एकाही घराच्या चारही भिंती उभ्या नव्हत्या. गुडघाभर गाळ, त्यातून वर आलेला पाण्याच्या पंपाचा लोखंडी खांब, कुठे दोन पायऱ्या, कुठे नुसती चौकट. शिवणकाकूंचं शिलाई मशीन चिंचेच्या झाडात सापडलं. या काकू विधवा, धाकट्याच्या घराला लागून राहायच्या आणि निम्म्या गावाचे कपडे शिवायच्या. मशीन खाली उतरवल्यावर त्यांनी आधी चाक फिरवून बघितलं. चाक फिरलं. मग त्या खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

शाळेच्या एकेका वर्गात पाच-सहा घरं मावली. टपालताई आणि तिचा नवरा तिसरीच्या वर्गात होते. फळ्यावर सातचा पाढा अर्धा लिहिलेला होता. नवऱ्याने बाकं एकावर एक रचून प्रत्येक कुटुंबाला आडोसा करून दिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या आडोशांवरून, कुणाचं बाक कुणाच्या हद्दीत आलं यावरून, भांडणं सुरू झाली. पुढे काय वाढून ठेवलंय याची ती चुणूक होती.

महिन्याभराने निर्णय आला. नवी वस्ती काठापासून वर, पंचवीस पावसाळे पाणी न लागलेल्या माळावर बांधायची. जुनं घर जेवढं, तेवढी नवी जागा. शेजार जुनाच, वाटा जुन्याच. ओळ जशी होती तशी उचलून वर ठेवायची. लाकूड, विटा आणि पत्रा मिळणार होता, बांधायचं ज्याचं त्याने. सगळं ठीक होतं, पण जुनं घर केवढं होतं हे सांगणार कोण? मोठ्या गावच्या कचेरीत छातीइतकं पाणी शिरलं होतं आणि नकाशांचा लगदा झाला होता.

तेव्हा मोजणीसाहेब आले. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात फीत, बगलेत खुंट्यांची मोळी. सडपातळ, शांत गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी ज्याला त्याला आपापली जागा दाखवायला सांगितली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बेरीज केली, तर आळी नदीच्या पल्याड जात होती. घरं वाहून गेली होती खरी, पण मोजणीला ती प्रत्येकी चार-चार हातांनी वाढून परत आली होती. दुसऱ्या दिवशी दोघे सख्खे शेजारी एकाच खुंटीला धरून ओढताना बघितले आणि साहेबांनी वही मिटली.

"या आळीत प्रत्येकाच्या दारात गेलेलं कुणी माणूस आहे का?" त्यांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग शिवणकाकू म्हणाल्या, "टपालताई आहे की."

टपालताई तेव्हा शाळेच्या नळावर भांडी विसळत होती. साहेब स्वतः तिथे गेले.

"मला नकाशातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

"नकाशा नाहीच आहे. असता तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

"चुकलं तर?"

"चुकलं तर खणून बघू."

तिने भांडी पुरी केली, हात पुसले आणि नवऱ्याला सांगितलं, "एक पिशवी द्या खांद्याला लावायची. त्यात दोन विटा घाला."

"विटा कशाला?"

"ओझं नसलं की पाऊल लांब पडतं."

नवऱ्याने पिशवीत दोन विटा घातल्या आणि वर म्हणाला, "निवृत्तीनंतर पगार नाही, आता टपालाच्या जागी विटा." ती हसली नाही, पण पिशवी खांद्याला लावून घेतली.

पंपाच्या खांबापासून तिने सुरुवात केली. मान खाली, उजवा हात पिशवीवर. मागे साहेब, त्यांच्या मागे अर्धी आळी. "इथून अकरा पावलं," ती म्हणायची, तेवढी चालायची आणि थांबायची. "दार. दोन पायऱ्या, वरची हलायची. दाराच्या डाव्या हाताला खिडकी, पत्र खिडकीतून द्यायचं. घर इथपासून..." परत चालायची, "...इथपर्यंत. मग पन्हाळ. पावसात या पन्हाळीखालून जाताना पिशवी भिजायची म्हणून मी ती हाताने पोटाशी धरायचे." साहेब खुंटी ठोकायचे. दोन माणसं फावड्याने गाळ काढायची. बहुतेक वेळा वीतभर खाली उंबरा लागायचा, नाहीतर चुलीचा दगड. उंबरा लागला की मागून कुणीतरी म्हणायचं, "आहे." असं "आहे, आहे" करत दुपारपर्यंत चौदा घरं झाली.

पंधराव्या घराला ती चुकली. सुताराचं घर तिने दाखवलं तिथे काहीच लागलं नाही. सुतार तोंड पाडून उभा राहिला. आणखी खणलं तर चार पावलं पुढे त्याचा धार लावायचा दगड मिळाला.

टपालताईने दगडाकडे बघितलं आणि थोडा विचार केला. "तुमच्याकडे कुत्रं होतं," ती म्हणाली. "मी कधी दारापर्यंत आलेच नाही. लांबून टाकायचे पत्र."

सुताराला मान्य करावं लागलं. कुत्रं चावरं होतं आणि पत्रं कायम कुंपणात अडकायची. तिथल्या माणसांना कितीतरी दिवसांनी हसू आलं. पण हसता हसता टपालताई चुकू शकते हेही सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि धाकट्याच्या तर चांगलंच लक्षात राहिलं.

तिसऱ्या दिवशी ओळीच्या मध्यावर आले. धाकट्याचं घर आणि शिवणकाकूंचं घर यांच्या मधली जागा. धाकटा आधीच तिथे येऊन उभा होता. त्याने गाळातून चार खांबांचे बुडखे उघडे करून ठेवले होते.

"साहेब, हे माझे खांब. माझी होड्यांची शेड होती इथे. भिंत काकूंच्या भिंतीला लागून. म्हणजे ही सगळी जागा माझ्या घरातली."

साहेबांनी खांब बघितले. हलवून बघितले. जुने, पक्के रोवलेले होते. त्यांनी टपालताईकडे बघितलं.

ती खांबांपर्यंत चालत गेली, तिथून नदीच्या दिशेला वळली, आठ-दहा पावलं टाकली आणि परत आली.

"इथे वाट होती," ती म्हणाली.

"कसली वाट?" धाकटा म्हणाला.

"नदीवर जायची. आठ फुटांची. पलीकडच्या गावाची थैली मी इथूनच खाली नेऊन होडीत द्यायचे."

"ताई, सुताराचं घर तू चार पावलं चुकलीस. हेही चुकत असशील."

"सुताराच्या दारात मी कधी गेले नव्हते. या वाटेने रोज गेले."

"मग खांब कुठून आले?"

"तू रोवलेस. बारा वर्षं झाली. आधी फळ्या रचल्यास, मग वर पत्रा टाकलास, मग पुढून दार लावलंस. त्यानंतर मी काकूंच्या मागच्या बाजूने, कपडे धुवायच्या दगडावरून वळसा घालून जायला लागले."

"बारा वर्षांत एकदा तरी बोललीस?"

"नाही," टपालताई म्हणाली. "तेव्हाच बोलायला हवं होतं. माझा भाऊ म्हणून गप्प बसले. ती माझी चूक."

मागे उभ्या असलेल्यांपैकी प्रत्येकाला ती वाट ठाऊक होती. प्रत्येक जण तिच्यावरून पाण्याला गेला होता. पण समोर छपरं घालायची होती, होड्या नव्याने बांधायच्या होत्या, आणि लाकडात धाकट्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता; सुतारही टेबलं-खुर्च्याच करायचा. सगळे मूग गिळून उभे राहिले. साहेबांनी पेन्सिल हातात धरून विचारलं, "नक्की?"

"लिहा," ती म्हणाली.

त्यानंतर शिवणकाकू म्हणाल्या, "वाट होती." मग सुतार म्हणाला. मग आणखी दोघे-तिघे, खाली बघत. धाकट्याने खांबांवरचा गाळ पायाने परत सारला आणि कुणाकडे न बघता वर निघून गेला.

उरलेली घरं टपालताईने त्याच दिवशी पुरी केली. स्वतःचं घर आलं तेव्हा पिशवी उतरवून बाजूला उभी राहिली. "हे दुसऱ्या कुणीतरी सांगा." शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि उपकाराची फेड म्हणून हातभर वाढवून सांगितलं. तिने तो हात कमी करायला लावला. नवऱ्याला हे काही पटलं नाही. हातभर जागेत एक सायकल उभी राहिली असती, असं त्याने पुढे बरेच दिवस ऐकवलं.

आई शाळेत पहिलीच्या वर्गात होती. ब्याऐंशी वर्षांची, कानाने पक्की, पायाने अधू. संध्याकाळी टपालताई तिच्याकडे गेली तोवर सगळं तिच्या कानावर गेलेलं होतं.

"बरोबर सांगितलंस तू," आई म्हणाली. मग म्हणाली, "पण तू सांगायला नको होतंस."

"मग कुणी सांगायचं?"

"ते मला माहीत नाही. मी त्याची पण आई आहे."

टपालताईने आईचे केस विंचरून दिले आणि ती आपल्या वर्गात परत आली. त्या दिवसापासून धाकटा तिच्याशी बोलायचा बंद झाला.

माळावरचं बांधकाम आठ महिने चाललं. पाच-पाच घरांची मिळून एक तुकडी केली होती. तुकडीने एक घर संपवायचं आणि मग पुढचं हातात घ्यायचं. टपालताईच्या वाट्याला विटा भिजवणं आणि पोचवणं आलं. ते तिने टपालासारखंच केलं, कुठल्या भिंतीला किती लागतील हे डोक्यात ठेवून, कुणी हाक मारायच्या आत. शिवणकाकूंनी झाडातून उतरवलेलं मशीन साफ केलं आणि पत्रे येईपर्यंत उघड्या छपरांवर टाकायला गोणपाटाच्या ताडपत्र्या शिवून दिल्या. सुया सारख्या मोडायच्या. टपालताईचा नवरा सायकलच्या चाकाचे आरे घासून त्यांना हाताने टाके घालायला दाभण करून द्यायचा.

छपरं मात्र सगळी धाकट्यानेच घातली. राग त्याने कामात आणला नाही. होडीचं लाकूड जोडतात तसे त्याने वासे जोडले, खिळे कमी आणि खाचा जास्त, म्हणजे वाऱ्याने अख्खं छप्पर हलेल पण सुटणार नाही. एरवी बढाई मारणारा माणूस, पण त्या आठ महिन्यांत छपरावर चढला की गप्प असायचा. वाट नव्या वस्तीतही तशीच ठेवली गेली, आठ फुटांची, त्याच्या आणि काकूंच्या घरामधून थेट नदीपर्यंत. रोज सकाळी बायका-माणसं तिथून पाण्याला जायची. तो त्या बाजूच्या भिंतीला खिडकी ठेवणार नाही म्हणाला, आणि नाही ठेवली.

टपालताईचं घर ओळीत शेवटचं, म्हणून छप्परही शेवटी. धाकटा शिडी घेऊन आला. ती अंगणात विटा रचत होती, त्याच्यापासून दोन हातांवर.

"भाऊजी," तो वरून तिच्या नवऱ्याला म्हणाला, "विचारा, पन्हाळ कुठल्या बाजूला हवी."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. "पन्हाळ कुठल्या बाजूला हवी म्हणतोय."

"ऐकू आलं मला. मागच्या बाजूला."

"मागच्या बाजूला म्हणते."

"मागे उतार कमी पडेल म्हणावं."

"उतार कमी पडेल म्हणतो."

"मग त्याला योग्य वाटेल तिथे घाल म्हणावं."

दिवसभर असं चाललं. चार वाजता नवऱ्याने हात जोडले आणि म्हणाला, "मी दुकानात जातो. तुम्ही दोघं चिठ्ठ्या लिहा. पोचवायची सवय आहे हिला." वरून हातोड्याचा आवाज क्षणभर थांबला. मग परत सुरू झाला. चिठ्ठी कुणी लिहिली नाही, बोलणंही झालं नाही. छप्पर अंधार पडायच्या आत पुरं झालं आणि धाकटा चहा न घेता गेला.

असं एकोणीस महिने गेले. एका गावात, एका ओळीत, एका आईची दोन मुलं. टपालताई आईला भेटायला तो कामावर गेल्यावर जायची. भावजय दार उघडायची, बसायला द्यायची आणि विषय काढायची नाही. टपालताई कुणापाशी कुरकुरली नाही. फक्त एकदा नवऱ्याने विचारलं की पश्चात्ताप होतो का, तेव्हा म्हणाली, "बोलल्याचा नाही होत. बारा वर्षं गप्प बसल्याचा होतो. आधीच बोलले असते तर भांडण लहान झालं असतं."

वादळानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा सूचना आली. वारा तितका नव्हता, पण नदी भरून वाहत होती आणि नवी वस्ती अजून एकाही पुरात तावून सुलाखून निघालेली नव्हती. सगळ्यांनी शाळेत जावं असं ठरलं. दुपारी दोनच्या सुमाराला टपालताई पिशवी भरत होती. दारात धाकटा उभा राहिला. अंगावरचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं.

"ताई, आई ऐकत नाहीये," तो म्हणाला. "मरेन पण शाळेत जाणार नाही म्हणते. तू चल."

तिने चप्पल पायात सरकवली.

आई पलंगाच्या कडेला दोन्ही हात घट्ट रोवून बसली होती. तिला शाळा नको होती. गेल्या वेळी बाकांवर झोपून तिची पाठ धरली होती आणि संडासाला जायला कुणाला तरी उठवावं लागायचं. टपालताईने सगळं ऐकून घेतलं. मग भावाला म्हणाली, "पलंगावरची गादी गुंडाळ, सोबत घेऊ. आणि ती हाताची खुर्ची आण." आईला म्हणाली, "संडासाला मी नेईन. रात्रीत दहा वेळा उठवलंस तरी चालेल."

"दहा वेळा कोण उठतं," आई म्हणाली, पण तिने पलंग सोडला.

खुर्चीला दोन बांबू बांधले, पुढून धाकटा आणि मागून टपालताई. गादी भावजयीच्या डोक्यावर. टेकाडाच्या चढावर चिखल होता. मध्ये एकदा धाकटा म्हणाला, "पाऊल लहान टाक, ताई," आणि ती म्हणाली, "तू सरळ चाल, मी बघते." आईने ते ऐकलं आणि छत्री नीट धरली.

नदी त्या वेळी काठाशी येऊन थांबली. तीन दिवस माणसं शाळेत राहिली. माळावर पाणी चढलं नाही, एकही छप्पर सुटलं नाही. भावंडांनी आईपाशी पाळ्या लावल्या. पाळी बदलताना जे बोलायचं तेवढंच बोलायचे: औषध दिलं, दूध घेतलं नाही, झोप लागली. तिसऱ्या दिवशी धाकटा पाळी संपली तरी उठला नाही.

"तुझ्या घरात गळतं का?" त्याने विचारलं.

"मागच्या कोपऱ्यात. थोडं."

"केव्हापासून?"

"पहिल्या पावसापासून."

"सांगायचं नाही का मग?"

"बोलत कुठे होतास?"

"भाऊजींना सांगायचं," तो म्हणाला.

"त्यांनी निरोप न्यायचं सोडलं होतं."

यावर आई डोळे मिटूनच हसली. चौथ्या दिवशी माणसं घरी परतली, आणि जेवणवेळेच्या आधी धाकटा शिडी घेऊन टपालताईच्या अंगणात आला. दोन पत्रे काढून त्याने पुन्हा बसवले. खाच चुकली होती, त्याचीच. ते त्याने वरूनच मोठ्याने सांगितलं, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. वाटेबद्दल मात्र तो त्या दिवशी बोलला नाही, आणि नंतरही कधी बोलला नाही. टपालताईनेही तो विषय काढला नाही. काम संपल्यावर ती चहा घेऊन बाहेर आली. त्याने पायरीवर बसून तो प्यायला, कप विसळून पालथा ठेवला आणि आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून उठला.